पुवातले पिवळे कण

दाढ काढून दोन महिने झाले. दुखणं कधीच थांबलं, पण जबड्याच्या कडेला एक टणक गाठ धरली आहे. ताप नाही, फारशी ठणकही नाही. मग ती गाठ फुटते, पू येतो, गाठीचं तोंड मिटतं आणि शेजारीच दुसरं तोंड पडतं. घरच्यांच्या मनात पहिली शंका कॅन्सरची किंवा टीबीची येते. पण कधी कधी यामागे ॲक्टिनोमायसीस इस्रायली नावाचा जिवाणू असतो, आणि तो बाहेरून आलेला नसतो. दातांवरच्या किटणात तो आपल्यासोबत निमूट राहतच असतो.

अखंड त्वचेतून किंवा श्लेष्मल आवरणातून, म्हणजे तोंडाच्या वा आतड्याच्या आतल्या ओलसर अस्तरातून, त्याला आत शिरता येत नाही. दात काढणं, किडकी दाढ, जबड्याला मार अशी वाट मिळाली की तो खोल जातो. तिथे प्राणवायू कमी असतो आणि याला तेच मानवतं. तो सावकाश वाढतो, पण स्नायू, चरबी, हाड असल्या सीमा जुमानत नाही, सगळं भेदत सरकतो. थुंकीवाटे छातीत उतरला तर फुप्फुसात, आणि आतडं फुटलं तर पोटातही हेच घडतं. जेम्स इस्रायल या जर्मन शल्यचिकित्सकाने १८७८ मध्ये माणसातल्या या आजाराचं वर्णन केलं. त्याआधीच्याच वर्षी गुरांच्या जबड्याच्या गाठीत याचा भाऊबंद सापडला होता. फांद्या फुटलेले धागे पाहून त्याला बराच काळ बुरशीच समजत असत.

ओळख पटते ती पुवात. त्यात बारीक पिवळसर कण असतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढे. एक कण काचपट्टीवर चिरडून पाहिला की मधोमध धाग्यांचा गुंता आणि कडेला चहूकडे पसरलेले किरण दिसतात. मात्र पू साध्या कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहणाऱ्या तपासणीला, पाठवला तर ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो. याला प्राणवायूविना, दोन-दोन आठवडे वाढू द्यावं लागतं. आधीच चार-पाच दिवसांच्या अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर तो आणखीच हुलकावणी देतो. म्हणून शंका असेल तर डॉक्टरांनी लॅबला तसं आधीच कळवायला हवं. औषध जुनंच आहे, पेनिसिलिन. पण गाठीच्या आत ते कष्टाने पोचतं, म्हणून बहुधा सहा ते बारा महिने घ्यावं लागतं. गाठ बसली म्हणून गोळ्या सोडल्या की आजार उलटतो.

याच कुळातले काही जिवाणू मातीत राहतात. अनवाणी पायात बाभळीचा काटा रुततो, विसरला जातो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, पाऊल सुजून ठिकठिकाणी वाहू लागतं. हा मदुरा फूट. मदुराईत १८४२ मध्ये त्याची नोंद झाली, पण त्याचा कसून अभ्यास केला तो हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या आणि पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन असलेल्या डॉक्टरांनी. १८६० मध्ये त्यांनी या आजाराला ‘मायसेटोमा’ हे नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने तो दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला तो थेट २०१६ मध्ये. शेतात राबणाऱ्यांच्या आजाराला एवढा उशीर व्हावा, हे मला फार लागतं.

हा आजार जिवाणूंमुळे होतो तसा बुरशीमुळेही होतो, म्हणून इथेही कण बघायचे. काळे असतील तर ती बुरशी. लाल असतील तर बहुधा जिवाणू. पांढरे-पिवळे दोन्हींचे असू शकतात, तिथे बायोप्सीला पर्याय नाही. हा फरक पायाच्या जिवावरचा आहे: जिवाणू निघाला तर महिनोन्महिने औषधं घेऊन पाऊल बहुतेकदा वाचतं, बुरशी निघाली तर औषधं तोकडी पडतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते, कधी पाय कापण्याचीही.