एलईडीनंतर इंडिकेटर भराभर का लुकलुकतो?

‘गाडीला एलईडी बल्ब लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकला, की वायरिंग गेलं समजा,’ असं सांगितलं जातं. सहसा तसं नसतं. जुना बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर करंट घेतो. एलईडी त्याचा जेमतेम काही अंशच घेतो. करंट घटला की फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला, बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि तो वेग वाढवून इशारा देतो.

खात्री करायचीय? त्या बाजूला जुने बल्ब परत लावा. वेग पूर्ववत झाला, तर वायरिंग ठीक आहे.

फ्लॅशर म्हणून वेगळा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) असेल तर एलईडीचा फ्लॅशर रिले बसवा. माझ्या मते हाच उत्तम उपाय. रिलेऐवजी इंडिकेटर कंट्रोल मॉड्यूलवर (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक युनिटवर) चालतो, अशा गाड्यांत बहुधा ६ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे जादा करंट घेणारा रोध, एलईडीला समांतर जोडतात. तो चटका बसण्याइतका तापतो. पत्र्यावरच घट्ट बसवा, प्लास्टिक आणि वायरींपासून लांब.