दाढेच्या मुळातले इरिगेशन: औषध जुने, धोका दाबाचा

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत इरिगेशन म्हटले की पाटबंधारे खाते आठवते. दंतवैद्यकात मात्र दाढेची नस काढताना मुळाची नळी औषधी द्रावणाने धुण्याला हा शब्द आहे. तालुक्याच्या गावी रूट कॅनलसाठी खुर्चीत बसलेल्या माणसाला येणारा उग्र वास विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरसारखा वाटतो, आणि त्याचे नाक चुकत नाही: दोन्ही हायपोक्लोराइटच.

सोडियम हायपोक्लोराइटला शस्त्रक्रियेत प्रतिष्ठा मिळाली ती पहिल्या महायुद्धात. १९१५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमांसाठी सुमारे ०.५ टक्क्याचे द्रावण ठरवले, कारण त्याहून तीव्र द्रावणाने जखमेतील चांगले मांसही भाजे. दंतवैद्यांनी औषध उचलले, पण सौम्यपणा टिकवला नाही. १९३६ मध्ये दंतवैद्य वॉकर यांनी क्लोरिनेटेड सोडा, म्हणजे याच औषधाचे कितीतरी तीव्र द्रावण, सुचवले आणि पुढे ५.२५ टक्क्यांपर्यंतची द्रावणे रुळली. कुजलेली नस विरघळवणारे इतके स्वस्त दुसरे काही नव्हते. सलाईनने ती नुसती भिजते.

हे द्रावण मुळाच्या टोकापलीकडे गेल्याने झालेल्या अपघाताची नोंद १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा वेळी भूल दिलेली असूनही रुग्ण एकाएकी कळवळतो, काही मिनिटांत गाल सुजतो, नळीतून रक्त येते आणि पुढे चेहऱ्यावर काळेनिळे डाग उमटतात. चर्चा दीर्घकाळ टक्केवारीभोवती फिरली, पण माझ्या मते खरा दोषी सिरिंजच्या पिस्टनवर पडणारा अंगठ्याचा जोर आहे: सुई नळीत घट्ट अडकली की द्रावणाला वर परतायला वाट उरत नाही. म्हणूनच टोक बंद आणि बाजूला छिद्र असलेली बारीक, ३० गेजची सुई आली; ती टोकापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे, वरखाली हलती ठेवून, अंगठ्याऐवजी तर्जनीने सावकाश दाबायची शिस्त आली. या शतकात ऋणदाबाची पद्धत आली, ज्यात द्रावण वरून सोडून टोकाकडून शोषून घेतात. ती अधिक सुरक्षित, पण महाग. दात तोंडापासून वेगळा ठेवणारे रबराचे पातळ पान, म्हणजे रबर डॅम, मात्र १८६४ पासून आहे, आणि ते स्वस्तही आहे.

इकडच्या उन्हाळ्याची अडचण वेगळीच. पारा ४५ अंशांवर गेला की खिडकीशी ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतला क्लोरीन झपाट्याने उडतो, तिच्यावरचा टक्केवारीचा आकडा खरा राहत नाही, आणि नळी स्वच्छ होत नाही म्हणून हात नकळत पिस्टनवर जड होतो.