प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या बाळाचे बोन मॅरो प्रत्यारोपण: कोल्हापुरातून अर्ज कसा करायचा

काही बाळे संसर्गाशी लढणाऱ्या पेशींविनाच जन्माला येतात. तोंडातली बुरशी हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो, वजन वाढत नाही. या आजाराला डॉक्टर ‘स्किड’ म्हणतात आणि त्यावरचा मुख्य उपाय म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण, म्हणजे दात्याच्या हाडातली रक्त बनवणारी मज्जा बाळाला देणे. बाळ साडेतीन महिन्यांचे होण्याआधी ते झाले, तर दहातली नऊ बाळे वाचतात. म्हणून तपासण्या आणि खर्चाच्या सरकारी मदतीची कागदपत्रे एकाच वेळी सुरू करा. एक संपल्यावर दुसरे, एवढा वेळ बाळाकडे नसतो.

सुरुवात सीबीसी या रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या तपासणीने होते, ती कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही होते. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइटची, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, टक्केवारी नव्हे, एकूण संख्या बघा. तान्ह्या बाळात ती दर मायक्रोलिटर रक्तात ३,००० च्या खाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ‘स्किड असेल का?’ असे स्पष्ट विचारा. पुढची खात्री फ्लो सायटोमेट्री (पेशींचे प्रकार मोजणारी तपासणी) आणि जनुकीय तपासणीने होते. या आजारांचे तज्ज्ञ केंद्र मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात, राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तशास्त्र संस्थेत आहे. निदान नेमके हवे, कारण या पेशी जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथीच नसलेल्या बाळांना वेगळा उपचार लागतो. त्यासाठीच्या थायमस ऊतीला अमेरिकेने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता दिली.

मदतीचा पहिला मार्ग केंद्र सरकारचा. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये स्किड पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारांत आहे. मदतीची मर्यादा ५० लाख रुपये. अर्ज मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रातूनच, म्हणजे या धोरणासाठी नेमलेल्या रुग्णालयातूनच जातो. मुंबईत ते केईएम. तिथे बाळाची नोंदणी होते, डॉक्टरांची समिती प्रकरण तपासते आणि मंजूर रक्कम केंद्राकडे येते, पालकांच्या खात्यात नाही.

दुसरा मार्ग राज्याच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा. वार्षिक उत्पन्न १.६० लाखांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. तो आजच काढायला टाका, बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. सोबत रेशनकार्ड, बाळाचा जन्मदाखला, निदानाचे अहवाल आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडा. खासगी रुग्णालय असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणीकरण हवे. बाळाचे आधार नसेल तर आईचे चालते.

आई-वडील आणि भावंडे, सगळ्यांची एचएलए तपासणी होईल, म्हणजे कुणाची मज्जा बाळाशी जुळते ते रक्तावरून पाहतील. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. कुणीच जुळले नाही तरी खचू नका, आई किंवा वडिलांची अर्धी जुळणारी मज्जाही वापरता येते. घरात आधी एखादे तान्हे बाळ संसर्गाने गेले असेल, तर ते सांगणे कितीही जड गेले तरी सांगा. निदानाला त्याची मोठी मदत होते.

लसीकरणाचे कार्ड फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. बीसीजी, रोटाव्हायरस आणि तोंडावाटेचा पोलिओ या जिवंत लसी या बाळांना घातक ठरू शकतात. बीसीजी जन्मतःच दिलेली असते, तिची तारीख डॉक्टरांना दाखवा. बाकीच्या दोन, शंका फिटेपर्यंत देऊ नका. मुंबईला नेताना गर्दीचा डबा टाळा. रक्त चढवायची वेळ आली, तर ते विकिरण केलेलेच (किरणांनी दात्याच्या लिम्फोसाइट निष्प्रभ केलेले) असावे, हे रुग्णालयाला आधीच सांगून ठेवा.