साक्ष (ख्रिस्ती परंपरा)

येशू ख्रिस्तामुळे आपल्या आयुष्यात काय घडले, हे ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याला स्वतःच्या शब्दांत सांगणे म्हणजे साक्ष. प्रवचन पाळक किंवा फादर करतात. साक्ष शिक्षिका, रिक्षाचालक, परिचारिका असे कोणीही देऊ शकते. त्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. साक्षीदाराने काय पाहिले एवढेच सांगायचे असते, निकाल द्यायचा नसतो.

‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ ही येशूची आज्ञा (बायबल, मत्तय 28) अकरा शिष्यांना दिलेली असल्याने ती प्रेषितांबरोबरच, म्हणजे या पहिल्या शिष्यांबरोबरच, संपली, असे अठराव्या शतकापर्यंत अनेक प्रोटेस्टंट मानत. मूळचे चांभारकाम करणारे विल्यम केरी यांनी 1792 मध्ये पुस्तिका काढून हे मत खोडले. पुढे 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे केरी ते हेच. सामान्य विश्वासणाऱ्यांनी साक्ष देण्याला अधिक भक्कम आधार बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय 8 मध्ये आहे. छळामुळे यरुशलेमची मंडळी (ख्रिस्ती समुदाय) पांगली, प्रेषित मात्र शहरातच राहिले, आणि पांगलेली माणसेच गावोगाव सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) सांगत गेली. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये प्रापंचिकांच्या, म्हणजे फादर नसलेल्या सामान्य विश्वासणाऱ्यांच्या, प्रेषितकार्यावर (धर्मप्रसारावर) स्वतंत्र आदेशपत्र काढले.

साक्षीची बांधणी बहुधा आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने अग्रिप्पा राजापुढे केलेल्या भाषणावरून (प्रेषितांची कृत्ये 26) शिकवतात: आधी मी कसा होतो, ख्रिस्त कसा भेटला, त्यानंतर काय बदलले. तीन मिनिटे पुरतात. पहिल्या भागाला पाऊण मिनिट, मधल्याला सव्वा, शेवटच्याला एक. आधी लिहून काढावी, घरच्यांपैकी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी आणि मग कागद बाजूला ठेवावा. घरचे माणूस अतिशयोक्ती लगेच पकडते.

सर्वांत जास्त बिघाड पहिल्याच भागात होतो. जुनी पापे रंगवून सांगण्यात वेळ जातो आणि ख्रिस्त शेवटच्या दोन वाक्यांत उरतो. दुसरी अडचण मंडळीतल्या भाषेची. ‘मी अंधकारात होतो, रक्ताने धुतला गेलो’ हे उपासनेत समजते, पण शेजारच्या काकूंना त्यातून काहीच कळत नाही. ‘दारूपायी दोन नोकऱ्या गेल्या, पगाराच्या दिवशी मुले दाराआड लपायची’ हे कळते. आजार बरा झाल्याची साक्ष देताना औषधोपचारही चालू होते, हे लपवू नये. नंतर कळले तर ऐकणाऱ्याचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो. ऐकणाऱ्याच्या देवदेवतांवर टीका सुरू झाली की ती साक्ष राहत नाही. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्या, असे पेत्राचे पहिले पत्र (3:15) सांगते. त्यात कुणीतरी विचारणे गृहीत आहे.

योहान 4 मधील शोमरोनी (शोमरोन प्रांतातील) स्त्री येशूशी बोलल्यावर आपली घागर विहिरीवरच ठेवून गावात गेली आणि लोकांना ‘चला, पाहा’ म्हणाली. तिच्या बोलण्यात ‘हाच ख्रिस्त असेल काय?’ असा प्रश्न होता. ठाम उत्तर तिच्याकडेही नव्हते. नवशिक्यांना हा उतारा आवर्जून वाचायला द्यावा.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कवी नारायण वामन टिळक यांचे. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी प्रवाशाने त्यांच्याशी आपुलकीने गप्पा मारल्या आणि नवा करार (बायबलचा दुसरा भाग) हाती दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना धरून ठेवले; 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती भजनांचा मोठा ठेवा त्यांच्यामुळे उभा राहिला.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 नुसार धर्माचा प्रसार करता येतो, मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये दिला. धान्यवाटपाच्या रांगेत, रुग्णाच्या खाटेशी किंवा आईवडिलांना अंधारात ठेवून त्यांच्या मुलांपुढे साक्ष देऊ नये. तिथे समोरच्याला नको म्हणणे अवघड जाते.