इलेक्ट्रिक गाडीला खालून गंज लागत नाही?

‘इंजिन नाही, सायलेन्सर नाही, म्हणजे खाली गंजायला काही उरलंच नाही’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. सायलेन्सर लवकर गंजतो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे तो पटतोही.

पण गंजाला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच लागतं. मिठाने तो वेगाने वाढतो. बॅटरीची पेटी बहुधा अॅल्युमिनियमची असली, तरी सस्पेन्शन आणि बोल्ट पोलादी असतात. शिवाय दोन वेगळे धातू जिथे चिकटून असतात, तिथे खारं पाणी साचलं की अॅल्युमिनियम झिजू लागतं.

खात्री करायची तर छोटं लोहचुंबक घ्या. जिथे चिकटेल तिथे पोलाद आहे. मग चाकाच्या फटीतून टॉर्च मारून ब्रेकची डिस्क बघा. मोटरच वेग कमी करत असल्याने ब्रेक कमी घासले जातात, म्हणून पावसानंतर डिस्कवर नारिंगी थर दिसतो. पातळ थर दोनचार ब्रेकमध्ये निघतो. खड्डे पडले असतील तर मेकॅनिकला दाखवा.

एक कळकळीची विनंती: गंजरोधक कोटिंग करताना जास्त व्होल्टेजची वीज नेणाऱ्या नारिंगी केबल, कनेक्टर आणि बॅटरीच्या पेटीवर फवारा मारू देऊ नका.