रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला का होतो?

सर्व्हरचा टाइम झोन भारतीय वेळेवर लावला की त्यावरचे प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच वेळेने चालते, हा स्वतःचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे रुजलेला समज चुकीचा आहे. डॉकर या प्रणालीतला कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर चालवण्याचा स्वतंत्र कप्पा, मूळ सर्व्हरचे घड्याळ वापरतो, पण त्याचा टाइम झोन आपोआप घेत नाही. वेगळे सांगितले नसल्यास बहुतेक इमेज (कंटेनर ज्यांवरून तयार होतो ते तयार साचे) यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. त्यामुळे कंटेनरमधल्या क्रॉनला (ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) रात्री दोनची वेळ दिलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी ७:३० वाजता, लोक कामाला लागत असतानाच, सुरू होतो. घड्याळ चुकलेले नसते, म्हणून एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी यंत्रणा) तपासत बसण्याने काही साधत नाही. कंटेनरला टाइम झोन सांगणाऱ्या टीझेड (TZ) या व्हेरिएबलमध्ये ‘एशिया/कोलकाता’ (Asia/Kolkata) लिहिणे हा खरा उपाय. मात्र अल्पाइन या छोटेखानी लिनक्सच्या मूळ इमेजमध्ये टीझेडडेटा हे टाइम झोनची माहिती असलेले पॅकेज नसते आणि ते नसताना कोणतीही चूक न दाखवता यूटीसीच लागू राहते, ही बाब मला सर्वांत घातक वाटते. कंटेनरच्या आत ‘डेट’ ही कमांड चालवून खात्री करावी. यूटीसीच ठेवायचे असेल, तर रविवारी पहाटे दोनच्या बॅकअपसाठी शनिवार, २०:३० असे लिहावे लागते. वार बदलायचा राहिला, तर तो सोमवारी होतो.