बेसमेंटमधल्या होम थिएटरचे डायलॉग कळत नाहीत? ॲम्प्लिफायर उचलून आणण्याआधी हे वाचा

"आवाज भरपूर आहे हो, पण बोलतायत काय ते कळत नाही." इंदूरच्या महाराणी रोडवरच्या आमच्या काउंटरवर ही तक्रार इतक्यांदा येते की शेवटी हा कागद छापून घेतला. तक्रार घेऊन येणारे बरेच जण ॲम्प्लिफायरही सोबत आणतात. सुदामा नगरहून, राजेंद्र नगरहून, स्कूटरवर पायांमध्ये ते धूड सांभाळत. आम्ही ते टेबलावर जोडतो, दुकानातल्या स्पीकरवर ते खणखणीत वाजतं. मग काका आमच्याकडे बघतात आणि आम्ही काकांकडे. त्यांची दुपार जाते, आमच्या मिस्त्रीचा तास जातो, आणि खरा बिघाड घरीच राहिलेला असतो.

बिघाड खोलीत आहे. आपल्याकडे बेसमेंट म्हणजे चारी बाजूंनी काँक्रीट, खाली गुळगुळीत विट्रिफाइड टाइल्स, वर पीओपी, भिंतींवर पुट्टी आणि चकचकीत पेंट. खिडकी असलीच तर वितभर. उन्हाळ्यात खोली गार राहते, रात्री शेजाऱ्यांना त्रास नाही, म्हणून थिएटरला जागा उत्तम. पण अशा खोलीत आवाज शोषणारी एकही वस्तू नसते. स्पीकरमधून निघालेला शब्द एकदा थेट कानावर येतो आणि मग भिंती, फरशी, छत यांवरून आपटत पुन्हा पुन्हा येत राहतो. विहिरीत डोकावून बोलल्यासारखं होतं. यात पहिला बळी जातो तो स, श, त, ट, फ अशा बारीक व्यंजनांचा. त्यांची ताकद मुळात कमी. आधीच्या अक्षराचा स्वर खोलीत घुमत असतानाच ती येतात आणि त्याखाली दबतात. मग माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

इथेच ती चूक होते जिच्यावर सगळ्यांचा वेळ आणि पैसा जातो. डायलॉग कळत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवतात, त्याने भागत नाही म्हणून जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर मागतात. व्हॉल्यूम वाढवला की शब्द वाढतो आणि घुमणंही तेवढंच वाढतं. दोघांतलं अंतर होतं तिथेच राहतं. शिवाय वॅटचा हिशोब लोकांना वाटतो तसा नाही. ५० वॅटच्या जागी १०० वॅट घेतले तर आवाजात भर पडते फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. घरच्या खोलीत सिनेमा बघताना ॲम्प्लिफायर बहुतेक वेळ दोन-चार वॅटवरच चाललेला असतो. आणि डब्यावर 'पीएमपीओ' म्हणून जो हजारांचा आकडा छापतात, तो कृपया आम्हाला वाचून दाखवू नका. तो क्षणभराचा फुगवलेला आकडा असतो. वॅट बघायचे ते आरएमएस, म्हणजे ॲम्प्लिफायर सतत देऊ शकतो ते.

एकांनी तर गणेशोत्सव मंडळाचे जुने डीजेचे बॉक्स बेसमेंटमध्ये लावले. ते बॉक्स चौकात हजार माणसांना ऐकवायला बनवलेले. बारा बाय सोळाच्या खोलीत त्यांनी छताचे दिवे थरथरले, संवाद मात्र तसेच राहिले.

आधी टाळी वाजवून बघा

खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असा धातूसारखा थरथराट ऐकू आला, तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. आता उपाय. सर्वांत स्वस्त उपाय आमच्या दुकानात मिळत नाही, तरी सांगतो. सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये जाड गालिचा किंवा कापसाची जाड सतरंजी टाका, कारण फरशीवरून उसळणारा आवाज तिथेच अडतो. एका बाजूच्या भिंतीवर जाड कापडाचा चुण्या घातलेला पडदा लावा, भिंतीला घट्ट चिकटवून नको, चार बोटं सोडून. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर फारच छान. एवढं करून पुन्हा टाळी वाजवा आणि तोच सिनेमा त्याच व्हॉल्यूमवर लावा. बऱ्याच घरांत तक्रार इथेच संपते आणि आमची विक्री बुडते.

त्यापुढे जायचं असेल तर ५० मिलिमीटर जाडीचं, ४८ डेन्सिटीचं रॉकवूल (दगडी तंतूंची, आवाज शोषणारी गादी) लाकडी चौकटीत बसवून वर कापड ताणलेले पॅनेल आम्ही बनवून देतो. ते कुठे लावायचे हे आरशाने ठरतं: तुम्ही सोफ्यावर बसा, कुणीतरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्या, आणि ज्या ठिकाणी आरशात पुढचा स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. अख्खी भिंत मढवायची गरज नाही. अंड्यांचे ट्रे लावू नका. ते आवाज अडवत नाहीत, नीट शोषतही नाहीत, आणि झुरळांची सोय मात्र होते.

पॅनेलबाबत एक सावधगिरी. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि बेसमेंटच्या भिंतींना ओल येते. घर नवीन असेल तर एक पावसाळा भिंती उघड्या ठेवून बघा. ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल. आम्ही ऑर्डर घ्यायला नकार दिला तर रागावू नका. सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर, तोही ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये, त्याचा आतला कागदी शंकू आणि लाकूड दोन्ही खराब होतात.

सेंटर स्पीकर

पाच स्पीकरच्या सेटमध्ये सिनेमाचे बहुतेक संवाद एकट्या सेंटरमधून, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरमधून येतात. आणि घरोघरी त्याचेच सर्वांत जास्त हाल होतात. सुतार टीव्ही युनिटमध्ये छान खण करून देतो, वहिनी तो स्पीकर दिसू नये म्हणून आत ढकलतात, आणि खणाच्या पोकळीत आवाज बोदा होतो. स्पीकरचं तोंड फळीच्या पुढच्या कडेला आणा, अगदी अर्धा बोट बाहेर आलं तरी चालेल. युनिट खाली असेल तर स्पीकरच्या पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे ठेवा, म्हणजे तोंड तुमच्या गुडघ्यांकडे न राहता कानांकडे वळेल. मग रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या ॲम्प्लिफायरच्या) मेनूत सेंटरची लेव्हल २-३ डेसिबलने वाढवा. रात्री बघताना मारामारीला दचकायला होतं आणि कुजबुज ऐकू येत नाही, त्यासाठी बहुतेक रिसीव्हरमध्ये नाइट मोड असतो, तो चालू करा.

रिसीव्हरसोबत माइक आला असेल तर त्याचं ऑटो सेटिंग सोफा, गालिचा, पडदे सगळं आल्यावर करा. रिकाम्या खोलीत केलेलं सेटिंग सामान आल्यावर उपयोगाचं राहत नाही. माइक गादीवर टाकू नका, कानाच्या उंचीवर स्टँडला लावा, आणि तेवढा वेळ पंखा, एसी बंद.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की दणका वाढतो, पण तो एकसुरी होतो आणि भारदस्त आवाजाचे शब्द गिळतो. जागा शोधायची सोपी युक्ती आहे. सबवूफर तुमच्या सोफ्याच्या जागी ठेवा, बास असलेलं गाणं लावा, आणि पुढच्या भिंतीलगत रांगत फिरा. जिथे बास स्पष्ट आणि समतोल ऐकू येईल तिथे सबवूफर. घरची मंडळी हसतील, हसू द्या. छोट्या स्पीकरना मेनूत 'स्मॉल' करून कटऑफ ८० हर्ट्झला ठेवा, म्हणजे त्याखालचा बास सबवूफरकडे जाईल. सोफा मागच्या भिंतीला टेकवू नका, जमेल तेवढा पुढे घ्या.

फोनवर येणाऱ्या बाकीच्या तक्रारी थोडक्यात. "पाच लावलेत, दोनच वाजतात": टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या) एचडीएमआय पोर्टातच केबल आहे ना ते बघा, आणि टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये 'पीसीएम' असेल तर 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. जुन्या मालिका मुळातच दोन चॅनेलच्या, त्यात मागचे स्पीकर गप्प राहतील. प्रोजेक्टर असेल तर स्टिक किंवा सेट टॉप बॉक्स थेट रिसीव्हरला जोडा. "सतत घूं आवाज येतो": डिशची केबल काढून बघा, आवाज थांबला तर दोष तिथला आहे. सगळे प्लग एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. घरचे जुने स्पीकर वापरायचे असतील तर मागच्या पट्टीचा फोटो पाठवा. ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध, बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही.

आम्ही फोनवर रेट का देत नाही

"फक्त फाइव्ह पॉइंट वनचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) रेट सांगा, खोली बघायची काय गरज?" गरज वर लिहिली आहे. व्हिजिटचे ५०० रुपये घेतो, सामान घेतलंत तर बिलातून वजा. ऑनलाइन वस्तू कधी कधी स्वस्त मिळते, ते खरं आहे. ती आणलीत तरी आम्ही बसवून देतो, मजुरी वेगळी. पण खोली न बघता विकलेला सेट आठवड्यात परत येतो, त्यापेक्षा आमचा माणूस आधी पाऊण तास खोली बघायला आलेला बरा.

बजेट कमी असेल तर सगळं एकदम घेऊ नका. साध्या खोलीला पाच चॅनेलचा रिसीव्हर, पुढचे तीन चांगले स्पीकर आणि आठ किंवा दहा इंची सबवूफर एवढ्यात सिनेमा उत्तम ऐकू येतो. मागचे दोन पुढच्या वर्षी घ्या. नऊ फुटी छताखाली सुरुवातीलाच सात स्पीकर आणि वर छतातले चार मागणाऱ्यांना आम्ही स्वतःहून थांबवतो. मात्र वायरचा पाइप आत्ताच टाकून घ्या, प्लास्टर आणि पीओपीच्या आधी. लाइटच्या वायरीपासून वेगळा पाइप, त्यात दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची स्पीकर वायर, दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी. ठेकेदार "नंतर काढून देऊ" म्हणतो. नंतर म्हणजे पीओपी फोडून.

येताना खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि चारही भिंतींचे फोटो घेऊन या. बीम असेल तर त्याचाही. दिवाळीला ज्यांना बसवून हवंय त्यांनी नवरात्रातच व्हिजिट घ्यावी. धनत्रयोदशीच्या आठवड्यात आमची माणसं काउंटर सोडून कुठेही जात नाहीत.